ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्लिप का होतो? खोलण्यापूर्वी पाहा, हात लावण्यापूर्वी सांगा

इंजिन जोरात ओरडते, आरपीएमचा काटा वर चढतो, परंतु गाडी त्या मानाने पळत नाही. ‘डी’मध्ये टाकली तरी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही आणि मग एकदम धक्का देऊन निघते. चढावर दम सोडते. अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दारात उभे राहिले की आपले बहुतेक कारागीर दोहोंपैकी एक गोष्ट करतात. ‘हे आमचे काम नाही, कंपनीत न्या’ असे सांगून मोकळे होतात. किंवा ‘क्लच प्लेटा गेल्या, बॉक्स खोलावा लागेल’ असे पाहताक्षणीच बोलून टाकतात. पहिल्या उत्तराने हातचे काम जाते. दुसऱ्या उत्तराने कधी कधी गिऱ्हाईकही जाते आणि अब्रूही जाते.

एके काळी आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी म्हणजे श्रीमंताची हौस समजली जाई. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीत स्वस्तातली एएमटी आणली आणि चित्र पालटू लागले. आता ऑटोमॅटिक गाड्या जुन्या बाजारात येतात, हमीची मुदत संपलेल्या असतात, आणि मालक साध्या गॅरेजचा रस्ता धरतो. आखाती देशांत काम करून आलेल्या कोकणातल्या कारागिरांना हे काम नवे नाही. ज्यांचा हात साध्या गिअरवर बसला आहे त्यांनी मात्र ही विद्या शिकून घेतली पाहिजे. म्हणून प्रस्तुत लेखात गिअरबॉक्स स्लिप होण्याची कारणे आणि तपासणीचा क्रम सोप्या शब्दांत मांडत आहोत.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एक गाडी आमच्याकडे आली. रिव्हर्स घ्यायला वेळ लावत होती. तेल काढून पाहिले तर काळे आणि जळका वास. आम्ही कोणतीही तपासणी न करता, मालकाला काही न सांगता, नवे तेल भरून दिले. आठ दिवसांत रिव्हर्स पूर्ण बंद झाला. मालक म्हणाला, “उस्ताद, गाडी चालत आणली होती, आता मागेच जात नाही. तुम्हीच बिघडवली.” बॉक्स आधीच मरणपंथाला लागला होता हे आम्हाला ठाऊक होते, पण सांगितले कोठे होते? लिहून कोठे ठेवले होते? अर्धा खर्च आम्ही सोसला. त्या पैशांपेक्षा महाग पडला तो त्या मालकाने मोहल्ल्यात केलेला बोभाटा. पुढे जे लिहिले आहे ते त्या फटक्यातून शिकलेले आहे.

बॉक्सच्या आत चालते काय?

साध्या गिअरबॉक्समध्ये आपण पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. ऑटोमॅटिकमध्ये ही दोन्ही कामे तेलाचा दाब करतो, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की बाकी सारे समजायला सोपे जाते.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवले आणि एक चालू केला तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा तेल फेकतो, त्या माराने समोरचा पंखा फिरतो, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन ताकद वाढवतो. या कल्पनेचे पेटंट जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी घेतले होते. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आणला तो जनरल मोटर्सने, १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत.

कन्व्हर्टरच्या मागे प्लॅनेटरी गिअर असतात. मध्ये सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट गिअर आणि सर्वांना वेढणारा रिंग गिअर. यांपैकी एकाला अडवून धरले आणि दुसऱ्याला ताकद दिली की तिसऱ्यातून वेगळा वेग मिळतो. हे अडवण्या-जोडण्याचे काम क्लच पॅक करतात. कागदासारख्या अस्तराची एक प्लेट, मग साधी पोलादी प्लेट, अशी ही चळत असते. तेलाचा दाब पिस्टनला ढकलतो, पिस्टन चळत दाबतो, आणि प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. काही जुन्या बॉक्समध्ये याच कामासाठी ड्रमभोवती पट्टाही असतो. दाब तयार करतो ऑइल पंप. तो कोठे पाठवायचा हे ठरवते वॉल्व्ह बॉडी. आणि वॉल्व्ह बॉडीला हुकूम मिळतो सोलेनॉइडमार्फत कॉम्प्युटरकडून.

मग स्लिप म्हणजे काय? प्लेटांनी एकमेकींना जितके घट्ट धरायला हवे तितके त्या धरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. याची मुळे तीनच: दाब कमी पडतो, किंवा तेलाचा गुण बिघडलेला असतो, किंवा प्लेटा, सील, पट्टा झिजलेले असतात. पहिली दोन कारणे पुष्कळदा बॉक्स न खोलता दूर होतात. परंतु त्यांकडे दुर्लक्ष केले तर तिसरे कारण आपोआप तयार होते. कारण प्लेट घसरली की तापते, तापली की अस्तर जळते, आणि जळाली की आणखी घसरते. म्हणूनच स्लिप होणारी गाडी ‘चालते तोवर चालवू’ म्हणून फिरवणे म्हणजे लहान खर्चाचा मोठा करणे होय.

आधी बॉक्सची जात ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आज चार निरनिराळ्या वस्तू येतात. जात न ओळखता केलेला उपाय अपाय ठरतो.

एएमटी ही मुळात साधी गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. आत साधी कोरडी क्लच प्लेट असते. ती स्लिप झाली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि ॲक्च्युएटर तपासावा. नवी प्लेट टाकल्यावर स्कॅनरने क्लचचे लर्निंग करून द्यावे लागते. ते न केल्यास नवी प्लेटही धक्के देते.

सीव्हीटीमध्ये गिअर नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि पुलींची रुंदी बदलून वेग जमवला जातो. येथे पट्टा घसरला तर पुलीवर चरे पडतात आणि ते पुसले जात नाहीत. म्हणून सीव्हीटीच्या स्लिपमध्ये दिरंगाई मुळीच नको.

ड्युअल क्लच बॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक विषम गिअरांसाठी, एक समसाठी. काही कोरडे, काही तेलात बुडालेले. कोरडे क्लच मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रहदारीत फार तापतात.

चौथी जात म्हणजे वर वर्णन केलेला टॉर्क कन्व्हर्टरचा बॉक्स. पुढील विवेचन प्रामुख्याने त्याच्याविषयी आहे, तरी तेलाविषयीचे नियम सीव्हीटीलाही लागू पडतात.

निम्मा निदान तेलातच

पातळी: तेल कमी असले तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. म्हणून फेसाळ तेलात दाब टिकत नाही. वळणावर किंवा चढावर तेल एका बाजूला जाते, तेव्हाच स्लिप होत असेल तर पहिला संशय पातळीवर घ्यावा. तेल जास्त भरले तरी फिरते भाग ते घुसळून फेस करतात, म्हणून ‘थोडे जास्तच असू द्या’ ही सवय येथे घातक आहे.

तपासण्याची रीत अशी. गाडी सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक लावावा, बॉक्स गरम होऊ द्यावा. इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, लिव्हर प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत ‘पी’पासून शेवटपर्यंत नेऊन परत आणावा. मग इंजिन चालू असतानाच डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी आणि गरम खुणेवर पातळी पाहावी. काही होंडा गाड्यांत मात्र इंजिन बंद करून लगेच पाहावे लागते. अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. तेथे कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, खालचा लेव्हल बोल्ट उघडून पातळी पाहतात. हे तापमान स्कॅनरवर वाचावे, हाताच्या अंदाजाने नव्हे.

तेल कमी निघाले तर ते गेले कोठे हे शोधावे. नुसते वरून भरून दिले तर महिन्याने गाडी परत येते. ॲक्सलचे सील, चेंबरचे गॅस्केट, कूलरचे पाइप आणि इंजिन-बॉक्सच्या सांध्यातून गळणारे पंपाचे पुढचे सील, ही गळतीची नेहमीची ठिकाणे होत. आमच्या परिचयाच्या एका टुरिस्ट गाडीवाल्याला एका मोठ्या वर्कशॉपने ‘पूर्ण बॉक्स बदला’ असे सांगितले होते. एका ॲक्सलचे सील फाटले होते आणि जवळजवळ दोन लिटर तेल कमी होते. सील बदलले, तेल भरले, गाडी पुन्हा धंद्याला लागली. वेळेवर पाहिले म्हणून प्लेटा वाचल्या. आणखी महिनाभर तशीच पळवली असती तर वर्कशॉपचे म्हणणे खरे ठरले असते.

रंग आणि वास: तेलाचे दोन-चार थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावेत. लाल किंवा लालसर तेल चांगले. तपकिरी झालेले, पण जळका वास नसलेले तेल म्हातारे झाले आहे, एवढेच समजावे. काळे तेल आणि जळका वास म्हणजे प्लेटांचे अस्तर जळते आहे. दुधाळ गुलाबी तेल म्हणजे आत पाणी गेले. सीव्हीटीचे तेल मुळातच हिरवे किंवा पिवळसर असू शकते, तेव्हा रंगाचा हा नियम तेथे लावू नये. चेंबर काढल्यास आतले लोहचुंबक पाहावे. त्यावर करडी बारीक भुकटी असणे स्वाभाविक आहे. चमकते तुकडे आढळले तर बेअरिंग किंवा गिअर दुखावला आहे.

तेलाची जात: येथे आपल्याकडून सर्वांत जास्त चुका होतात. ‘लाल तेल ते लाल तेल’ असे समजून सुट्या डब्यातले कोणतेही तेल भरले जाते. परंतु या तेलाला एकाच वेळी ताकद पोहोचवणे, दाब देणे, वंगण करणे, गारवा देणे आणि प्लेटांना योग्य पकड मिळवून देणे अशी पाच कामे करायची असतात. ही पकड तेलातील रसायनांवर ठरते. एके काळी अमेरिकेत या तेलात स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर बंदी आली आणि कंपन्यांना तेलाची जडणघडणच बदलावी लागली. एक घटक बदलला की केवढी उलथापालथ होते ते यावरून दिसते. डेक्स्रॉन सहा, टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१, सीव्हीटीचे तेल, ही सर्व वेगवेगळी आहेत. सीव्हीटीमध्ये साधे ऑटोमॅटिक तेल भरणे म्हणजे पट्टा आणि पुली दोन्हींचा नाश. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार पाहूनच तेल आणावे आणि सीलबंद डबा मालकासमोर फोडावा.

तेल ठीक असूनही स्लिप होते तेव्हा

पहिली पाहण्याची गोष्ट लिव्हरची केबल. ती सैल झाली असेल तर वर लिव्हर ‘डी’वर दिसतो, पण आतला वॉल्व्ह पूर्ण जागेवर येत नाही आणि दाब अर्धवट पोहोचतो. काही जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून बॉक्सपर्यंत एक वेगळी केबल असते. तिच्यावर आतला दाब ठरतो. ती ढिली पडली की पाय दाबताच स्लिप सुरू होते. दोन्ही ठिकाणी दुरुस्ती पान्याच्या चार फेऱ्यांची असते.

दुसरी गोष्ट फिल्टर. तो चोंदला की पंपाला तेल अपुरे मिळते. गाडी थंड असताना बरी चालते, तासाभराने स्लिप होते, किंवा जास्त वेगात ओढ कमी पडते.

तिसरी गोष्ट सोलेनॉइड, त्यांचे वायरिंग आणि वॉल्व्ह बॉडी. वॉल्व्ह ज्या छिद्रात सरकतो ते छिद्र वर्षानुवर्षे झिजले की दाब आतल्या आत गळतो. गाडी गरम झाली, तेल पातळ झाले, की ही गळती वाढते. म्हणून ‘सकाळी ठीक, दुपारी स्लिप’ या तक्रारीत वॉल्व्ह बॉडी आणि कडक झालेली रबरी सीले दोन्ही संशयित असतात.

चौथी गोष्ट उष्णता. तेलाचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक जुना ठोकताळा आहे. रेडिएटर घाण, पंखा कमजोर, कूलरचा पाइप दबलेला, वर घाटातला भार. मग नवे तेलही किती टिकणार?

पाचवी गोष्ट पाणी. पुष्कळ गाड्यांत बॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आत असतो. तो आतून फुटला तर कूलंट तेलात उतरते. पुराचे पाणी बॉक्सच्या हवा जाण्याच्या नळीतून आत शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. अशा दिवसांत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर आपल्याच दारात येतात. अशी गाडी चालू न करता आणवावी आणि प्रथम बॉक्सचे तेल काढून पाहावे. पाणी मिसळलेल्या तेलावर गाडी चालली तर प्लेटांचे चिकटवलेले अस्तर सुटू लागते. न चालवता तेल वेळीच, पुन्हा पुन्हा बदलले तर बॉक्स वाचण्याची आशा असते.

शेवटी, इंजिनाचा दोष बॉक्सच्या माथी मारू नये. एक प्लग मारत नसेल, डिझेलचा फिल्टर चोंदला असेल किंवा ब्रेक धरून राहिला असेल तरी गाडी ओढत नाही. फरक सोपा आहे. स्लिपमध्ये आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही. इंजिन कमजोर असेल तर आरपीएमच वाढत नाही.

तपासणीचा क्रम

पहिले, मालकाला विचारावे. स्लिप केव्हा होते? थंड की गरम? कोणत्या गिअरला? तेल कधी, कोणते, कोणी बदलले? गाडी पाण्यातून गेली होती काय?

दुसरे, मालकाला शेजारी बसवून गाडी चालवावी. कोणता गिअर घसरतो हे कळले की कोणता क्लच दुखावला ते कळते. उदाहरणार्थ, बऱ्याच जुन्या तीन-चार गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांना एक क्लच सामाईक असतो. दोन्ही घसरत असतील तर बोट त्याच्याकडे जाते. सगळेच गिअर घसरत असतील तर एखाद्या क्लचपेक्षा पंप, फिल्टर, तेलाची पातळी किंवा मुख्य दाब यांचा विचार आधी करावा.

तिसरे, वर सांगितल्याप्रमाणे तेल आणि केबल पाहावी.

चौथे, स्कॅनर लावावा. पी०७०० हा कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे. पी०७३० म्हणजे गिअरचे प्रमाण जुळत नाही. पी०७३१ ते पी०७३५ अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या गिअरचे आणि पी०७३६ रिव्हर्सचा. पी०७४१ कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचकडे निर्देश करतो. कोड म्हणजे निकाल नव्हे, तो पत्ता आहे; घर आपल्यालाच शोधायचे असते.

स्लिप आकड्यांतही मोजता येते. समजा तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.५ आहे आणि बाहेर जाणारा शाफ्ट १४०० फेरे घेतो. तर आत येणाऱ्या शाफ्टने १४०० × १.५ म्हणजे २१०० फेरे घ्यायला हवेत. स्कॅनर २५०० दाखवत असेल, आणि सेन्सर ठीक असेल, तर ४०० फेऱ्यांची स्लिप आहे. हा आकडा मालकाला दाखवला की वादच उरत नाही.

पाचवे, गेज लावून दाब मोजावा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहावा. दाब मुळातच कमी असेल तर दोष पंप, फिल्टर किंवा वॉल्व्हमध्ये. दाब पुरेसा असून क्लच घसरत असेल तर दोष त्या क्लचच्या प्लेटांत.

सहावे, स्टॉल टेस्ट. पूर्ण ब्रेक दाबून, चाकांना अडण लावून, ‘डी’मध्ये पूर्ण रेस द्यायची आणि आरपीएम कोठे थांबतो ते पाहायचे. आकडा ठरल्यापेक्षा जास्त आला तर क्लच घसरतो. कमी आला तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टरचा स्टेटर निकामी. ही चाचणी पाच सेकंदांहून अधिक कधीही करू नये, समोर माणूस उभा करू नये, आणि जळका वास येणाऱ्या बॉक्सवर ती करूच नये. काही नव्या गाड्यांत कंपनीच ती करू देत नाही.

जुने तेल बदलावे की नाही?

‘तेल बदलले आणि बॉक्स मेला’ ही गोष्ट प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते. तेल बदलल्याने निरोगी बॉक्स मरत नाही. जो बॉक्स जळक्या तेलावर कसाबसा तग धरून असतो, त्याच्या प्लेटा आधीच संपलेल्या असतात. त्यात मशीनने जोरात फ्लश मारला तर तळाशी बसलेला गाळ उठून वॉल्व्हमध्ये अडकू शकतो.

म्हणून तेल नुसते जुने असेल आणि स्लिप नसेल, तर फ्लश न मारता काढणे-भरणे करावे. बोल्ट उघडल्यावर सगळे तेल निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा एका वेळी ४० टक्के तेल निघते. तर पहिल्या खेपेला ४० टक्के नवे, दुसऱ्या खेपेला ६४ टक्के, तिसऱ्या खेपेला सुमारे ७८ टक्के नवे तेल होते. मध्ये थोडे थोडे दिवस गाडी चालू द्यावी. तेल काळे, जळके आणि गाडी स्लिप होणारी असेल, तर तेल बदलणे हा उपाय नव्हे, फार तर एक प्रयत्न आहे, हे आधी सांगावे. आम्ही चुकलो ते येथेच.

बॉक्स खोललाच तर

स्वच्छता हे या कामाचे अर्धे कौशल्य आहे. सूत सुटणाऱ्या चिंध्या जवळही आणू नयेत. एक धागा वॉल्व्ह अडवायला पुरेसा होतो. भाग काढले त्याच क्रमाने मांडावेत, फोटो काढावेत. नव्या अस्तराच्या प्लेटा बसवण्यापूर्वी योग्य तेलात भिजत ठेवाव्यात. किती वेळ ते पुस्तकात असते, अर्धा तास तरी द्यावा. कोरडी प्लेट पहिल्याच फेरीत जळते. प्रत्येक क्लच पॅकची मोकळीक फीलर गेजने मोजावी. रबरी सीले सगळी नवी घालावीत. कूलर आणि त्याचे पाइप धुवावेत किंवा बदलावेत, नाहीतर जुना गाळ नव्या कामात येतो.

कन्व्हर्टर बसवताना तो फिरवत फिरवत, टप्प्याटप्प्याने शेवटपर्यंत आत गेला पाहिजे. तो पंपात पूर्ण न बसताच बोल्ट आवळून बॉक्स इंजिनाला ओढला तर पंप फुटतो आणि सारी मेहनत पाण्यात जाते. शेवटी स्कॅनरने जुनी शिकवण पुसून नवे लर्निंग करून द्यावे.

चालवणाऱ्याला काय सांगावे?

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘डी’मधून ‘आर’ किंवा ‘आर’मधून ‘डी’ करू नये. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरू नये, ब्रेक वापरावा. उतारावर ‘एन’मध्ये सोडू नये. बंद पडलेली गाडी चालकी चाके जमिनीवर ठेवून दूरवर ओढू नये. कारण ऑइल पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद असताना आतल्या भागांना वंगण मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, तेही याच कारणाने: पंप फिरत नाही, दाब नाही, मग क्लच धरणार कसा? अशा वेळी चाके उचलून, किंवा चारही चाकांना ताकद जात असेल तर ट्रकवर चढवून गाडी आणावी. आणि स्लिप सुरू झाली की गाडी थांबवावी.

व्यवहार चोख हवा

तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत आणि ते आधी सांगावेत. फुकट तपासणी करणारा पुढे ते पैसे बॉक्समधून काढू पाहतो आणि तेथेच नियत डळमळते. गाडी आली तेव्हाची स्थिती, तेलाचा रंग, कोड, दाबाचे आकडे एका कागदावर लिहून मालकाची सही घ्यावी. काढलेले तेल बाटलीत आणि जुने भाग पिशवीत घालून परत द्यावेत. घातलेल्या तेलाचे नाव बिलावर लिहावे. जे काम आपल्याला येत नाही ते ‘येत नाही’ म्हणावे आणि जाणकाराकडे पाठवावे. त्याने धंदा कमी होत नाही.

सर्व साधने एकदम घ्यायची गरज नाही. चांगला स्कॅनर, दाबाचे गेज, तेल भरण्याचा हातपंप आणि गाड्यांची माहितीपुस्तके एवढ्यावर सुरुवात होते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत असला बॉक्सच नसतो, हे खरे. पण रस्त्यावर आज असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांना अजून पुष्कळ वर्षे कारागीर लागणार आहेत.

त्या रिव्हर्स गेलेल्या गाडीचा मालक दोन वर्षांनी पुन्हा आमच्या दारात आला, भावाची गाडी घेऊन. या वेळी आम्ही पान्याला हात लावण्याआधी कागद-पेन घेतले, तेल कागदावर टाकून त्याला दाखवले, स्कॅनर लावला, आणि केबल ढिली निघाली. पंधरा मिनिटांचे काम होते. आम्ही तपासणीचे आणि केबलचे तेवढेच पैसे मागितले. त्याने ते दिले, चहा मागवला, आणि म्हणाला, “उस्ताद, त्या वेळी एवढेच सांगितले असते तर!”